ग्रामीण परिचारिकांचे मोबाइल-शिक्षण

खेड्यापाड्यांतील परिचारिका नोकरी सांभाळून मोबाइल व समाजमाध्यमांतून जे व्यावसायिक ज्ञान मिळवतात, ते. भारतात सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तेथील एएनएम, म्हणजे गावाची नर्सबाई, शंका आली तर विचारणार कोणाला? शेजारी डॉक्टर नसतो. खिशात फोन मात्र असतो.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण परिचारिकांवरील २०१४ चा अभ्यास या विषयात बोलका आहे. कोणी न सांगता त्या फोनवर माहिती शोधत आणि फेसबुकवरून सहकाऱ्यांशी जोडलेल्या राहत. अशा शिकण्याकडे संस्थांचे लक्ष मागाहून गेले. डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनचे ‘सेफ डिलिव्हरी अ‍ॅप’ प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा रोखावा, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, हे चित्रफितींतून दाखवते. एकदा उतरवून घेतले की ते रेंज नसतानाही चालते. मेळघाटासारख्या दुर्गम मुलखात हा गुण आशयाइतकाच मोलाचा. कोविडकाळात, २०२० मध्ये, केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षण-मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम खुले केले.

व्हॉट्सअ‍ॅप गटांतून होणाऱ्या शिक्षणाचे मोल मोजणे अवघड. अहवालांची मागणी आणि सुप्रभातची फुले यांच्या ढिगात कामाची सूचना हरवते. रुग्णाचा फोटो संमतीविना गटावर टाकणे हा गोपनीयतेचा भंगच. पण मध्यरात्री तातडीचा सल्ला हवा असताना हे भान सुटते.