गेमिंग पीसी असेंबल करताय? वसई-विरारमध्ये एफपीएसआधी वॉट मोजा

फोनवर बीजीएमआय खेळताना अर्ध्या तासाने फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो, हे तुम्ही अनुभवलंच असेल. फोनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये असतात. ती तापली की स्वतःचा वेग कमी करून घेते. यावर आपल्या हातात फार काही नसतं. पीसीमध्ये मात्र प्रत्येक पार्ट आपण निवडतो, त्यामुळे चूकही आपलीच असते.

माझी चूक सांगतो. पहिल्या नोकरीच्या पैशांतून नालासोपाऱ्यात घरी पीसी असेंबल केला, तेव्हा जवळजवळ सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात घातलं. कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस फुकट मिळाला होता, तोच लावला. यूपीएस ‘पुढच्या महिन्यात’. जूनमधल्या एका संध्याकाळी तासाभरात तीनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं हे नशीब. दोन्ही परत घेताना जो खर्च झाला, त्यात सुरुवातीलाच चांगला एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही आले असते.

म्हणून या लेखात कार्डापासून सुरुवात करत नाही. बहुतेक व्हिडिओ एसी असलेल्या खोलीत, न जाणाऱ्या लाईटवर बनवलेले असतात. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. किमतीही मुद्दाम लिहीत नाही, आज लिहिलेली किंमत महिन्याभरात खोटी ठरते. वॉट मात्र बदलत नाहीत.

वॉटचा हिशेब

दोन पीसी घेऊ. दोन्हीत प्रोसेसर तोच, रायझन ५ ५६००. तो लोडवर साधारण ७५ वॉट घेतो असं धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ६० वॉट धरा.

पहिल्या पीसीत आरटीएक्स ४०६० आहे. या कार्डाची मर्यादा ११५ वॉट. एकूण झाले २५०. एसएमपीएस काही वीज उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे २९५ वॉट ओढले जातील. मॉनिटरचे ३० मिळवा, म्हणजे ३२५.

दुसऱ्या पीसीत सेकंडहँड बाजारात मोहात पाडणारं आरटीएक्स ३०८० आहे. ते एकटंच ३२० वॉटचं. त्याच हिशेबाने भिंतीतून ५६५ वॉट जातात.

आता हे आपल्या घरात आणून बघा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बहुतेक वेळा फक्त ३६० वॉटचा असतो (व्हीए आणि वॉट एकच नाहीत, डब्यावर दोन्ही आकडे शोधा). पहिला पीसी त्यावर कसाबसा बसतो, म्हणून त्यालाही १००० व्हीएचा घेतलेला बरा. दुसऱ्या पीसीला साधारण ६०० वॉट देणारा तो १००० व्हीएचा यूपीएससुद्धा काठावर येतो.

विजेचं बिलही बघा. दोन पीसींमध्ये २४० वॉटचा फरक आहे. रोज चार तास पूर्ण लोडवर खेळलात तर महिन्याला सुमारे २९ युनिट जास्त. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला पायऱ्या आहेत. घरचा वापर काठावर असेल तर वरची युनिटं महागड्या दराने जातात, आणि मग बिल कोणाच्या नावाने वाचलं जातं हे सांगायला नको.

शिवाय पीसीने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे पहिला पीसी लावला की खोलीत तीन माणसं जास्त बसल्यासारखं आणि दुसरा लावला की साडेपाच. मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत हे फार जाणवतं. विरार लोकलमध्ये आपल्याला सवय असली तरी घरी कशाला?

३०८० वाईट कार्ड आहे असं मी म्हणत नाही. ४०६० पेक्षा ते वेगवानच आहे. पण त्याची किंमत मोजताना मोठा एसएमपीएस, मोठा यूपीएस आणि जास्तीचा पंखा त्यात धरा. मग ते तितकं स्वस्त राहत नाही.

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिका

‘४५० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. १२ ला त्या आकड्याने गुणा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॉट. स्वस्त डब्यावर ४५० वॉट छापून तक्त्यात १८ अँपिअर दिसले तर तो खरा २१६ वॉटचा आहे. माझा तसलाच होता.

८० प्लसचा शिक्का किती वीज वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर संरक्षण आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणारी कंपनी साधारणपणे विचार करूनच देते. ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, ३०८० साठी ७५० चा. आपला हिशेब २५० चा आला तरी ५५० का? कार्ड क्षणभर मर्यादेपेक्षा बरंच जास्त ओढतं आणि ३००० मालिकेतली मोठी कार्डं यासाठी बदनाम आहेत. शिवाय एसएमपीएस निम्म्या लोडवर थंड आणि शांत चालतो.

अर्थिंग आणि यूपीएस

पार्ट्स मागवायच्या आधी एक काम करा. इलेक्ट्रिशियनला बोलावून तुमच्या टेबलामागचं सॉकेट मीटरने तपासून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्हीकडे जवळपास सारखे म्हणजे २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ फक्त एक-दोन व्होल्ट. आपल्याकडच्या अनेक जुन्या इमारतींत आणि चाळींत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा हेच कारण. ‘एवढं चालतं’ म्हणून सोडून देऊ नका. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचाही बराचसा उपयोग जातो. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोला. खर्च एका गेमिंग माउसपेक्षा जास्त होईलच असं नाही.

यूपीएस घेताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची नक्कल देतो. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही चांगल्या एसएमपीएसना ती चालत नाही आणि लाईट जाताच पीसी बंद पडतो. मग यूपीएस असून उपयोग काय? जमलं तर प्युअर साइन वेव्ह घ्या. नाही जमलं तर निदान दुकानदाराकडून बदलून देण्याचं कबूल करून घ्या आणि घरी आणल्यावर लगेच चाचणी करा. गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करायचं. पीसी चालू राहिला तर ठीक.

घरचा इन्व्हर्टर चालेल का, हा प्रश्न मला नेहमी येतो. त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल आणि वॉट पुरत असतील तर चालू शकतो. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम

हे तीन पार्ट एकत्रच निवडायचे, कारण ते एकमेकांत बसायला हवेत. एएमडीचं एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ रॅम. २०२२ मध्ये आलेलं एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १२ वी, १३ वी आणि १४ वी पिढी चालते. त्यात काही मदरबोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही. (लावून बघितलेला एक मित्र आहे.)

एरवी मी सरळ एएम५ घ्या म्हणालो असतो, कारण पुढे प्रोसेसर बदलता येतो. पण २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिप्सचे भाव भडकले. त्यामुळे घरात किंवा ओळखीत डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ वर रायझन ५ ५६०० किंवा एलजीए १७०० वर आय५ १२४००एफ हा अजूनही शहाणपणाचा सौदा आहे. दोन्ही सहा कोअरचे. ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, आणि साध्या ५६०० मध्येही ते नसतं. कार्ड नंतर घेणार असाल तर ५६००जी बघा, नाहीतर मॉनिटर काळाच राहील. जुना बी४५० बोर्ड घेत असाल तर ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट आहे का ते विचारा. रॅमची एक १६ जीबी पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, ड्युअल चॅनेलचा गेममध्ये फरक पडतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं, त्यामुळे फार जुना सेकंडहँड सेट घेण्यात अर्थ नाही.

कार्ड आणि मॉनिटर

मॉनिटर १०८०पीचा असेल तर आरएक्स ६६०० किंवा ४०६० च्या वर्गातलं कार्ड पुरतं. नवे मोठे गेम टेक्स्चर अल्ट्रावर ठेवले की ८ जीबी व्हीरॅम कमी पडते, हे खरं आहे. पण टेक्स्चर एक पायरी खाली आणलं तर बहुतेक ठिकाणी काम भागतं.

सेकंडहँड घेताना इतिहास विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांवर मायनिंग करण्यात फायदा उरला नाही आणि तशी कार्डं बाजारात आली. दिवसरात्र चाललेल्या कार्डाचे पंखे आधी जातात. विकणाऱ्यासमोर वीस मिनिटं गेम किंवा टेस्ट चालवा, तापमान बघा, बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा. फक्त फोटो बघून पैसे पाठवू नका.

कॅबिनेट, खारी हवा आणि पाणी

इथे दिव्यांपेक्षा जाळी बघा. पुढून काच असलेलं कॅबिनेट दिसतं छान, पण आपल्या उकाड्यात ते भट्टी होतं. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. पुढची जाळी काढून धुता येणारी हवी. नालासोपारा पूर्वेला किंवा वालीवच्या बाजूला राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी ती धुवाच.

भुईगाव, राजोडी, अर्नाळा या किनाऱ्याच्या पट्ट्यात प्रश्न मिठाचा आहे. खारी, दमट हवा धातूच्या संपर्कबिंदूंवर हळूहळू काम करते. पीसी चालू होतो पण डिस्प्ले येत नाही, अशी तक्रार पावसाळ्यात आली तर आधी पॉवर बंद करून रॅम काढा आणि सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराची जुनी युक्तीही चालते, पण हलक्या हाताने. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा, आतल्या उबेने दमटपणा टिकत नाही. आणि समुद्राकडच्या उघड्या खिडकीखाली तो ठेवू नका.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नये. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या, ते दिवस आठवा.

खरेदी

ऑनलाइन भाव आधी बघून ठेवा, मग लॅमिंग्टन रोडला जा. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर कमी लोक सांगतील. विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, त्यामुळे दादर किंवा मुंबई सेंट्रलला स्लो पकडा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कोणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. १८ टक्के जीएसटीचं बिल महाग वाटतं, पण बिल आणि त्यावर सीरियल नंबर नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही.

तिथून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि कार्ड आणा, हे सगळं एका बॅगेत मावतं. कॅबिनेट आणि यूपीएस वसई-विरारमधूनच घ्या किंवा घरपोच मागवा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कॅबिनेट घेऊन चढणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, अगदीच वेळ आली तर दुपारी निघा आणि मालडब्यातून या. दुकानात असेंबल करून घेतलं असेल तर प्रवासाआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवायला सांगा. जड कार्ड धक्क्याने स्लॉट तोडतं.

घरी आल्यावर सगळं लगेच कॅबिनेटमध्ये कसू नका. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड आणि एसएमपीएस एवढंच जोडा आणि बायोस दिसतंय का बघा. दिसलं की मग स्क्रू.