पत्रकातला दिवस

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी गेल्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. त्याआधी त्यांना कुठल्याशा शिबिरात एक कागद मिळाला. आपला आदर्श दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कल्पनेने लिहून काढा, म्हणजे पुढच्या आयुष्याची दिशा आपोआप सापडेल, असे त्यावर छापले होते. गुरुजींनी त्याची एक प्रत मलाही दिली. निवृत्तीला मला अजून अवकाश आहे. पण चाळिशी उलटली, तीन कादंबऱ्या रात्री जागून लिहिल्या, आणि चौथी मनात अडून बसली आहे. एका रविवारी मी तो कागद भरला. पहाटे चारला उठणे, सहा तास लेखन, दुपारी वाचन, संध्याकाळी कुसूरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत फिरणे. कागद टेबलावर राहिला तो आमच्या घरातल्यांनी वाचला. "अहो," त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण ह्यात पाणी कोण भरतं?"

तो प्रश्न डोक्यात घोळत असताना मला आठवण झाली ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलाची. पेण तालुक्यातले गागोदे हे त्याचे जन्मगाव. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेला विनायक नरहर भावे पुढे विनोबा म्हणून जगाला ठाऊक झाला. त्या मुलालाही एक कागद मिळाला होता, आणि त्याने तो भरला नाही, तर तो जगून पाहिला.

वडील बडोद्याला नोकरीस असल्यामुळे विनायकाचे शिक्षण तिकडे झाले. घर सोडण्यापूर्वी एके दिवशी त्याने चुलीपाशी बसून आपली मॅट्रिकची व इतर प्रमाणपत्रे जाळून टाकली. आईने विचारले, तेव्हा आता त्यांची गरज नाही असे तो म्हणाला. गरज नसेना का, पण ठेवायला काय हरकत, असे त्या माउलीचे म्हणणे. (माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र ट्रंकेत अजून जपून ठेवलेले आहे. त्याच्यापुढे दुसरे कुठले मिळाले नाही, म्हणूनही असेल.) २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीच्या वाटेला लागला. मनात दोन ओढी होत्या: एक हिमालयाची, दुसरी बंगालची. म्हणजे एकीकडे शांती, दुसरीकडे क्रांती. विसाव्या वर्षी बहुतेकांची कल्पना अशीच दोन टोकांना धावते, आणि दोन्ही टोकांना भाजी चिरावी लागत नाही.

काशीत त्याला गांधींच्या त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या, हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातील भाषणाची हकीकत कळली. त्याने पत्राने प्रश्न विचारले. गांधींनी उत्तरे दिली आणि पुढे आश्रमाच्या नियमांचे पत्रक पाठवून लिहिले की, प्रश्न पत्रांनी सुटणारे नाहीत, प्रत्यक्ष या. हे पत्रक म्हणजे एका परीने कागदावर लिहिलेला आदर्श दिवसच होता. असे जगण्याची कल्पना आहे, ज्याला पटेल त्याने यावे, एवढेच त्यात होते. ७ जून १९१६ रोजी विनायक अहमदाबादजवळ कोचरबला पोहोचला, तेव्हा गांधी भाजी चिरीत बसले होते. एवढा मोठा पुढारी भाजी चिरतो हेच त्याला नवल. त्यांनी एक चाकू त्याच्याही हाती दिला. विनोबांनी पुढे ही आठवण अनेकदा सांगितली आहे. मला तर वाटते, हिमालय आणि बंगाल ह्यांचा निकाल त्या चाकूने लागला.

पुढच्या वर्षी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि वाईला नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शास्त्राध्ययनासाठी राहिले. हे वर्ष मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत मोलाचे वाटते, कारण इथे ते कोणाच्या नजरेखाली नव्हते. वाईत पहाटेची घंटा देणारा कोणी नव्हता. उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य असा अभ्यास चालू होता. पण त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांचे मंडळ काढणे, वाचनालयासाठी पैसे मिळावेत म्हणून मुलांकडून दळण दळवून घेणे आणि स्वतः दळणे, महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी हिंडणे हेही होते. फेब्रुवारी १९१८ मध्ये ह्या सगळ्याचा हिशेब त्यांनी गांधींना पत्राने कळविला: काय वाचले, काय खाल्ले, कोणते व्रत कुठवर पाळले. वर्ष संपले त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले. रजेची तारीख गांधींच्याही लक्षात राहिली नव्हती.

त्या पत्राची शैली एखाद्या दुकानदाराच्या खतावणीची आहे. आपण आदर्श दिवस लिहितो तो मनोराज्याच्या भाषेत. त्यांनी लिहिला तो जमाखर्चाच्या भाषेत, दिवस जगून झाल्यावर.

१९२१ साली ते वर्ध्याला आले. पुढे जवळच्या नालवाडीत असताना त्यांनी ठरविले की, सूत कातून जे मिळेल त्यावरच पोट भरायचे. दिवसाचे आठ तास टकळी व चरखा. मजुरी मिळे ती काही आण्यांची. कातणाऱ्या बाईला देशभक्तीच्या नावाखाली आपण किती थोडे देतो हे त्या आण्यांवरून त्यांना स्वतःच्या पोटाने कळले. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे धोरण स्वीकारले.

मात्र असा दिवस शरीराला झेपतोच असे नाही. १९३८ च्या सुमारास विनोबांचे वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले. गांधींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह केला. ते गेले पवनारला, धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून काही मैलांवर! नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळी कामे टाकून दिली. मग शेत खणायला सुरुवात केली: पहिल्या दिवशी पाचच मिनिटे, मग थोडीथोडी वाढवीत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. खणताना जमिनीतून भरत-रामाच्या भेटीची एक प्राचीन मूर्ती निघाली. ती आश्रमात स्थापिली आहे. परंतु माझे मन मूर्तीपेक्षा त्या पाच मिनिटांपाशी थबकते. माझ्या कागदावर पहिल्याच दिवशी सहा तास लेखन होते.

पवनारलाच १९५० मध्ये पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग झाला: विहीर, रहाट आणि हातांनी केलेली शेती. बैलांऐवजी माणसेच रहाट ओढीत. आमच्या घरातल्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. त्या दिवसात पाणी सगळ्यांनी मिळून ओढायचे होते, आणि ते दिवसाच्या मध्यभागी होते.

हा प्रयोग गावोगाव न्यावा असे मनात असताना ८ मार्च १९५१ रोजी ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनास पायी निघाले. परतताना १८ एप्रिलला पोचमपल्ली गावी हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. पुढची तेरा वर्षे चालण्यात गेली. वर्षानुवर्षे तोच दिवस: पहाटे तीनच्या सुमारास उठणे, अंधारात वाट धरणे, नवे गाव, प्रार्थना, झोप. ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. त्यांतली बरीचशी नापीक निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही. हा हिशेबही सांगितला पाहिजे. विनोबांनी आपला दिवस शंभर टक्के जगून दाखविला, पण जमीनदारांचा दिवस त्यांच्या हाती नव्हता. १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनारलाच राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, अन्न-औषध थांबवून त्यांनी देह ठेवला.

इकडे आमच्या भिवपुरीत दिवसाचे वेळापत्रक रेल्वेच्या हाती असते. पहाटेच्या लोकलसाठी माणसे अंधारात भिवपुरी रोड स्थानकाकडे धावतात. वर घाटमाथ्यावरचे पाणी टाटांच्या वीजघरात १९२२ पासून उतरते आहे आणि मुंबईला उजेड पुरविते. आमच्या नळाला ते केव्हा यावे हे मात्र आम्ही कल्पनेतच लिहायचे. गुरुजी निवृत्त झाले. त्यांचा कागद कोराच राहिला. सध्या ते नातवंडांची शाळेची ने-आण करतात आणि खुशीत दिसतात.

मी माझा कागद पुन्हा लिहिला. पाणी भरणे पहाटे साडेपाचला, माझ्याकडे. लेखन अर्धा तास. त्याप्रमाणे आज सत्तावीस दिवस झाले. अकरा दिवस चुकले, ते वहीत मांडले आहेत. शाळेकडे एक वर्षाच्या बिनपगारी रजेचा अर्जही लिहून ठेवला आहे. त्यावर तारीख घालायची राहिली आहे.