निसर्गशिबिर (मुलांचे)

निसर्गशिबिर : शाळकरी मुलांना काही दिवस रानात, डोंगरपायथ्याशी, नदी-तळ्याकाठी किंवा समुद्रकिनारी मुक्कामाला नेऊन उघड्यावर राहण्याची कौशल्ये आणि परिसराची ओळख करून देणारा शैक्षणिक उपक्रम. मुलांचे वय साधारण आठ ते सोळा असते. मुक्काम एका रात्रीपासून आठ-दहा दिवसांपर्यंत असतो. महाराष्ट्रात अशी शिबिरे मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत भरतात. काही संस्था दिवाळीच्या सुट्टीत किंवा पावसाळ्यातही ती घेतात.

या शिक्षणाची दोन अंगे आहेत. पहिले कौशल्यांचे : तंबू उभारणे, दोराच्या गाठी मारणे, नकाशा व होकायंत्र वापरणे, पाणी जपून वापरणे, स्वयंपाक व प्रथमोपचार करणे. दुसरे निरीक्षणाचे : झाडे, पक्षी, कीटक, पाऊलखुणा, दगड-माती आणि आकाश. ही अंगे एकमेकांना धरूनच वाढतात. पायाखालची वाट, प्यायचे पाणी आणि रात्रीचा निवारा यांची चिंता असलेल्या मुलाचे पक्ष्याच्या आवाजाकडे लक्ष जात नाही. उलट निरीक्षणाची सवय नसेल, तर कौशल्ये निव्वळ कसरती होतात. चांगले शिबिर दोन्हींना सारखेच महत्त्व देते.

इतिहास

संघटित उन्हाळी शिबिरांची सुरुवात अमेरिकेत झाली. कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक विल्यम गन यांनी १८६१ मध्ये आपल्या शाळेतील मुलांना चालत लाँग आयलंड साउंडच्या किनारी नेले. तेथे सुमारे दोन आठवडे नौकानयन, मासेमारी आणि तंबूतले जीवन यांचा अनुभव त्यांना दिला. १८८१ मध्ये अर्नेस्ट बॉल्च यांनी न्यू हॅम्पशरमधील एका सरोवराच्या बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ सुरू केला. तेथे नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, धुणी-भांडी आणि साफसफाई मुलेच करीत.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वेगवेगळ्या सामाजिक थरांतील मुलांचे शिबिर घेतले. प्राणी-पक्ष्यांची नावे दिलेल्या चार संघांत मुले विभागली होती. या प्रयोगाच्या आधारे १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध झाले आणि बालवीर (स्काउट) चळवळ जगभर पसरली. भारतात ती १९०९ पासून रुजू लागली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यातील पचमढी येथे आहे. गाइड चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ मध्ये पुण्यात सुरू झाले.

निसर्गनिरीक्षणाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) स्थापन झाली. पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेले सलीम अली शाळकरी वयात, १९०८ च्या सुमारास, एक अनोळखी चिमणी ओळखून घेण्यासाठी तेथे गेले. सचिव वॉल्टर मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेचा पक्षिसंग्रह उघडून दाखवला. मुलाचा प्रश्न गांभीर्याने घेणारे मोठे माणूस भेटले की काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे या संस्थेने मुलांसाठी निसर्गफेऱ्या व शिबिरे घेतली. मुंबईत गोरेगाव येथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून तिचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने १९७० च्या दशकात निसर्ग मंडळांची चळवळ सुरू केली. तिच्यामुळे शाळा-महाविद्यालयांत निसर्ग मंडळे आणि त्यांची शिबिरे वाढली.

महाराष्ट्रात आणखी दोन प्रवाहांचा प्रभाव दिसतो. एक सेवाभावी संघटनांच्या शिबिरांचा. राष्ट्र सेवा दल (स्थापना १९४१) आणि आनंदवनाच्या परिवारातील सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणी यांनी सामूहिक जीवन आणि श्रम यांना शिक्षणाचे स्थान दिले. दुसरा बालशिक्षणाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे काम केले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे जमत नव्हते, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. या कुरणशाळेत पाने, बिया, दगड हीच शिक्षणाची साधने होती. गिर्यारोहण संस्थांनी या सर्वांत साहसाची भर घातली.

दिनक्रम

उन्हाळी शिबिराचा दिवस सूर्याच्या गतीवर बेतलेला असतो. पहाटे उठून साडेसहाच्या आत पक्षिनिरीक्षण सुरू होते, कारण ऊन चढल्यावर बहुतेक पक्षी गप्प होतात. सकाळी चालणे आणि कौशल्यांचा सराव, दुपारी सावलीत विश्रांती, चित्रे, नोंदी व गोष्टी, संध्याकाळी पाणवठ्याची किंवा माळाची फेरी आणि जेवणानंतर आकाशदर्शन असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. मुलांच्या सहा-आठ जणांच्या संघांकडे पाणी भरणे, वाढणे, भांडी घासणे, स्वच्छता ही कामे आळीपाळीने येतात.

मैदानी कौशल्ये

जागा निवडणे हा पहिला धडा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, वाळलेल्या फांदीखाली, मुंग्यांच्या रांगेवर किंवा जनावरांच्या पाणवाटेवर तंबू लावू नये. वळवाचा पाऊस डोंगरावर पडला तरी खालचा ओढा अचानक भरून येतो, हे मुलांना पात्रातील वाहून आलेले ओंडके आणि काठावरच्या झुडपांत अडकलेला कचरा दाखवून समजावतात.

गाठींमध्ये रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन आणि फिगर ऑफ एट या प्रमुख. प्रत्येक गाठीचे काम वेगळे असते, म्हणून ती कामातच शिकवली जाते : पट्टी बांधताना रीफ नॉट, खांबाला दोर अडकवताना क्लोव्ह हिच.

नकाशावाचनासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. त्यांवर २ सेंमी. म्हणजे जमिनीवरील १ किमी. आणि लगतच्या दोन समोच्च रेषांतील उंचीचा फरक बहुधा २० मी. असतो. रेषा दाट झाल्या की चढ उभा आहे, हे मुलांना आधी कागदावर आणि मग पोटऱ्यांत कळते. होकायंत्र नसेल तेव्हा दिशा शोधण्यासाठी काठीच्या सावलीचा आणि रात्री ताऱ्यांचा आधार घ्यायला शिकवतात.

शेकोटीबाबत महाराष्ट्रात विशेष शिस्त आवश्यक आहे. उन्हाळा हा वणव्यांचा काळ असतो. वन विभाग या काळापूर्वी जाळरेषा काढतो आणि जंगलात आग पेटवण्यास मनाई असते. म्हणून जबाबदार शिबिरांत स्वयंपाक ठरलेल्या जागी शेगडीवर होतो आणि रात्रीची गाणी-गोष्टी शेकोटीविना रंगतात. आग न पेटवणे हेही येथे एक कौशल्य मानले पाहिजे.

निसर्गाची ओळख

एप्रिल-मे म्हणजे रान ओसाड, हा समज शिबिरात लवकर दूर होतो. बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण याच काळात फुलतात. करवंदे आणि जांभळे पिकतात. तांबट पक्ष्याची टुकटुक दुपारभर ऐकू येते. पावशाची साद मेच्या अखेरीकडे वाढते आणि शेतकरी तिच्यात ‘पेरते व्हा’ ऐकतो. भीमाशंकरच्या रानात राज्यप्राणी शेकरूची झाडाच्या शेंड्याजवळची काटक्या-पानांची घरटी दिसतात. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचे वाळके दांडे उतारांवर दिसतात. झोपड्यांच्या कुडांसाठी ते कसे वापरतात, हे गावातच पाहायला मिळते. पहिल्या सरींच्या आधी भंडारदरा, राजमाची यांसारख्या भागांत काजव्यांनी झाडे लखलखतात. त्या वेळी विजेऱ्या बंद ठेवण्याचा नियम कसोशीने पाळावा लागतो, कारण नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेनेच शोधतात.

मोठे प्राणी दिसणे हा शिबिराचा हेतू नसतो. त्यांच्या खुणा वाचणे अधिक शिकवून जाते. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांच्या ठशांत नखे दिसतात. उदमांजराच्या विष्ठेतील बिया पाहून बीजप्रसाराचा धडा पुस्तकाविना मिळतो. मेळघाट, ताडोबा आदी जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावरून पाणवठा पाहण्याचा उपक्रम घेतो. उन्हाळ्यात पाण्याभोवती रानाचे जीवन कसे एकवटते, हे मोठ्या मुलांना या उपक्रमाच्या चर्चेतून समजावता येते.

मे महिन्यातील रात्र आकाशदर्शनास अनुकूल असते. सप्तर्षी उत्तरेकडे उंच असतात. त्यांतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे त्यांच्यातील अंतराच्या सुमारे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती आणि मग चित्रा मिळते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते, म्हणून मुंबईत (सुमारे १९° उ.) ध्रुव क्षितिजावर जेमतेम दोन मुठी दिसतो. मुलाला स्वतःच्या मुठीने पृथ्वीवरील आपली जागा मोजता येते, यापेक्षा थेट भूगोल दुसरा नाही.

अध्यापनपद्धती

शिबिरात व्याख्याने कमी आणि खेळ व नोंदी अधिक असतात. काही क्षण पाहून झाकलेल्या वस्तू आठवणीने सांगण्याचा ‘किमचा खेळ’ बेडन-पॉवेल यांनी मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीवरून घेतला. डोळे बांधून झाड चाचपणे आणि डोळे उघडल्यावर तेच झाड शोधून काढणे, स्वस्थ बसून ऐकू येणाऱ्या आवाजांचा नकाशा काढणे हे खेळ अमेरिकी शिक्षक जोसेफ कॉर्नेल यांच्या पुस्तकांमुळे (पहिले १९७९) सर्वत्र पोहोचले.

निसर्गडायरी हे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ साधन आहे. तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती, जे दिसले त्याचे चित्र आणि मनात आलेला प्रश्न एवढे तिच्यात असावे. अनुभवी मार्गदर्शक पक्ष्याचे नाव लगेच सांगत नाहीत. चोच कशी, शेपटी कशी, तो काय करीत होता, हे आधी विचारतात. नाव मिळताच अनेक मुलांचे पाहणे थांबते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली, कोरकू, गोंड या समाजांतील जाणकारांना रानभाज्या, कंद, मासे, पाऊलवाटा यांचे सखोल ज्ञान असते. शिबिरांत त्यांना बहुतेक वेळा वाटाड्याचे किंवा स्वयंपाकाचे काम मिळते. त्यांना शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचे मानधन मिळणे न्याय्य आहे आणि मुलांच्या हिताचेही आहे.

सुरक्षितता

उन्हाळी शिबिरातील पहिला धोका उष्णतेचा असतो. सकाळी अकरा ते दुपारी चार उन्हात चालणे टाळणे, तहान लागण्याआधी पाणी पिणे, टोपी आणि क्षार-साखरेचे पाणी यांवर भर देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची ओळख चित्रांतून करून देतात. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला तत्काळ प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. कडे-कपारींतील आग्यामोहोळांजवळ धूर, गोंगाट आणि उग्र सुगंध टाळावेत. अनोळखी तळ्यात किंवा डोहात पोहण्यास सक्त मनाई असावी, कारण पृष्ठभाग शांत असला तरी खोली आणि गाळ कळत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षाविषयक सूचना आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. पालकांनी आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, मुलांच्या प्रमाणात पुरेसे शिक्षक, मुलींच्या मुक्कामासाठी महिला शिक्षक आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर यांची चौकशी अवश्य करावी.

मूल्यमापन

पर्यावरणासाठी झटणाऱ्या व्यक्तींना त्यांच्या आवडीचे मूळ विचारले, तेव्हा बालपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ हे उत्तर पुन्हा पुन्हा आले. थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये याकडे लक्ष वेधले. लुईस चावला यांनी पुढील अभ्यासांत निसर्गाच्या सहवासाबरोबर आस्था असलेल्या वडीलधाऱ्यांची सोबतही तितकीच निर्णायक असल्याचे मांडले. रिचर्ड लूव्ह यांच्या ‘लास्ट चाइल्ड इन द वूड्स’ (२००५) या पुस्तकाने मुलांचा निसर्गापासून तुटलेला संबंध हा सार्वजनिक चर्चेचा विषय केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद केली. तरीही बहुतांश शाळांत हा विषय वर्गातच शिकवला जातो.

शिबिरांच्या उणिवाही आहेत. शुल्कामुळे ती शहरी मध्यमवर्गापुरती राहतात. काही ठिकाणी मोठ्या आवाजातील संगीत, कृत्रिम पावसातील नाच आणि दोरावरच्या झटपट करामती यांनाच निसर्गशिबिर म्हटले जाते. रानाच्या कडेला राहणाऱ्या गावातील मुलांना तर त्यांच्याच परिसरातील शिबिरात जागा नसते. प्रत्येक शिबिरात काही जागा यजमान गावातील मुलांसाठी राखून ठेवणे हा यावरचा सोपा आणि तातडीने करता येण्याजोगा उपाय आहे.

शिबिराचे फलित सुट्टी संपल्यावर कळते. शाळेच्या आवारातील एकाच झाडाची पालवी, फुले, फळे आणि त्यावर येणारे पक्षी यांची नोंद वर्षभर ठेवणे, गावच्या ओढ्याचे पाणी महिन्यातून एकदा पाहणे, असा पाठपुरावा झाला तर शिबिरातील शिक्षण मुरते. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. मुलांबरोबर बाहेर पडणारा एक शिक्षक किंवा पालक मात्र लागतो. उत्तम शिबिराने मुलांइतकेच अशा मोठ्यांनाही घडवायला हवे.