न्हाणीच्या पाण्यावरची बाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बीडमधल्या बागांचा इतिहास म्हटले, की खजाना विहिरीची आठवण निघते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या नहरीने मळ्यांना मिळे. मला मात्र आज दुसऱ्याच एका बागेविषयी बोलायचे आहे. तिची नोंद कुठल्या दप्तरात नाही. ती आमच्या आजीच्या घरामागे, न्हाणीच्या मोरीपाशी होती. तिला वाफे नव्हते की माळी नव्हता. आंघोळीचे सांडपाणी जाईल तिथे गुलबक्षी, कर्दळ आणि सदाफुली वर्षानुवर्षे फुलत.

ही फुले अस्सल गावरान, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. पुढे कळले, की गुलबक्षी आणि कर्दळ मूळच्या अमेरिका खंडातल्या, तर सदाफुली मादागास्कर बेटावरची! कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला आणि पुढे युरोपीय जहाजांतून तिकडची झाडे जगभर गेली. आपली मिरचीही तशीच आली. मिरची चुलीपाशी रमली, गुलबक्षी मोरीपाशी.

१९७२ च्या दुष्काळात आमची मोरी कोरडी पडली. गुलबक्षी वाळून गेली. आजी म्हणाली, ‘‘माणसांना पाणी नाही, तिला कुठून घालू?’’ पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडला आणि त्याच जागी कोंब वर आले. वरून मेलेल्या गुलबक्षीचा जाड कंद जमिनीत जिवंत राहतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारातही ती अशीच टिकते. घराला सहा-सहा महिने कुलूप असते. पावसाळ्यात माणसे गावी असतात, तेव्हा तीही हिरवी असते.

या झाडाने विज्ञानालाही एक धडा दिला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले, की गुलबक्षीच्या पानांवरचा पांढरा-हिरवा चट्टेरीपणा रोपाला आईकडूनच मिळतो. पराग कोणत्याही झाडाचे असोत. हे वाचले आणि मला आजी आठवली. मिऱ्यासारखे काळे बी पदराच्या गाठीत बांधून तिने ते माहेराहून आणले होते.

आता न्हाणीच्या जागी फरशीचे बाथरूम आहे. पाणी पाइपातून थेट गटारात जाते आणि अंगणात सिमेंट आहे. दुष्काळाने जे मेले नाही, ते सिमेंटखाली गेले. पाइपाच्या तोंडाशी हातभर माती मोकळी ठेवली, तरी ही बाग परत येईल. बी अजून कुणाच्या ना कुणाच्या घरी असेलच.