रोजकीर्दीची कुळकथा

सातारा-सांगलीकडच्या पतसंस्थेत, दूध संघात किंवा साखर कारखान्यात नवा सर्व्हर घ्यायचा ठरला की पहिली चर्चा डिस्कच्या वेगाची होते. डेटाबेस संथ चालतो ना, मग महागातली डिस्क घ्या. मला वाटतं, सुरुवात याच्या अलीकडून व्हायला हवी. डेटाबेस दोन निराळ्या तऱ्हेचं लेखन करतो आणि दोन्हींच्या गरजा निराळ्या असतात. ही विभागणी संगणकापेक्षा फार जुनी आहे. आपल्याकडच्या दफ्तरांनी ती पुरती पारखून घेतली होती.

१७०८ साली शाहू महाराज साताऱ्याला गादीवर बसले. त्यांच्या कारकिर्दीचे व पुढे पेशव्यांचे रोजचे हुकूम, नेमणुका, जमा-खर्च रोजकीर्दीत उतरत गेले. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले त्यातले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी ‘रोजनिशी’ म्हणून छापून निघाले. मूळ रोजकीर्दीत विषयवारी नसते. किल्ल्याची शिबंदी, देवस्थानचं वर्षासन, उजाड गावाला दिलेला कौल, जे ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने कारकून लिहीत जाई. त्याला मागचं पान उलटावं लागत नसे, जागा शोधावी लागत नसे. शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ, इतकंच काम.

पण अमक्या परगण्याचा वर्षाचा वसूल किती, हे रोजकीर्दीवरून चटकन सांगता येत नाही. त्यासाठी खतावणी, म्हणजे नोंदी विषयवार लावलेली वही. कारभार पुण्याला गेल्यावर पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग दिसतात, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. रोजच्या घडामोडी चालत्या दफ्तरात. एकबेरीज दफ्तरात मागल्या सालांचे हिशेब येऊन पडत, विषयवार लावले जात, त्यांच्या खतावण्या आणि तर्जुमे, म्हणजे गोषवारे, तयार होत. जे कागद रोज हाताशी हवेत आणि जे वर्षातून एखाद्या वेळी लागतात, त्यांची ठिकाणं वेगळी. आज मोठमोठ्या कंपन्या ताजा डेटा वेगवान डिस्कवर आणि जुना स्वस्त डिस्कवर ठेवतात, तोच हा हिशेब.

क्रमाने लिहिण्याचं मोल किती, ते सुट्या पत्रांवरून कळतं. वाईत सापडलेल्या कागदांतून इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरावर आयुष्यभर खपले. पुष्कळ पत्रांवर नुसता महिना आणि चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख, साल नाहीच. मजकुरातला एखादा मुक्काम, एखादी लढाई पाहून साल ठरवायचं. हे काम किती चिकाटीचं होतं, याची कल्पना आज करवत नाही. रोजकीर्दीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण ओळीची जागा हीच तिची तारीख.

सांगलीच्या हळदीच्या आणि गुळाच्या पेठेत हीच रीत कीर्द-खतावणी म्हणून नांदली. व्यवहार आधी कीर्दीत, मग सवडीने ज्याच्या-त्याच्या खात्यावर. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची अशीच पद्धत लुका पाचोलीने १४९४ साली छापली. डेटाबेस बांधणाऱ्यांनी मोडी वाचली नव्हती, पण गरज तीच होती, म्हणून वाटही तीच सापडली.

खात्यावरची शिल्लक बदलली की डेटाबेस डिस्कवरच्या टेबलाला लगेच हात लावत नाही. बदलाची ओळ आधी लॉगच्या, म्हणजे आपल्या कीर्दीच्या, शेवटी जोडतो, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करतो आणि मगच व्यवहार पक्का झाल्याचं सांगतो. टेबलाची पानं मागाहून लिहिली जातात. मधेच वीज गेली तर लॉग वाचून खतावणी पुन्हा लावता येते. आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘एरीज’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असा लॉग २००१ साली, ७.१ आवृत्तीत आला.

आता डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे सव्वाआठ मिलिसेकंदांची. वाचणारं-लिहिणारं डोकं हलवून हवी ती जागा गाठायची तर सेकंदाला शंभराच्या आसपास कामं होतात. लॉग सलग लिहायचा असल्याने त्याला हे हलणं फारसं लागत नाही, पण टेबलं त्याच डिस्कवर असली की डोकं दोघांमध्ये धावत राहतं आणि प्रत्येक व्यवहार खोळंबतो. म्हणून लॉगला आरशासारख्या दोन डिस्कची स्वतंत्र जोडी द्यावी. टेबलांसाठी अनेक डिस्क एकत्र जोडताना रेड ५ ही मांडणी टाळावी, कारण त्यात एका लहान लेखनाला दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं. रेड १० मध्ये दोन लेखनांत काम होतं. एसएसडीत डोकं नाही, पण ‘लिहिलं’ हा शब्द खरा हवा. वीज जाताना हातातलं लेखन पुरं करणारे कपॅसिटर ज्यात आहेत, तीच एसएसडी लॉगसाठी घ्यावी. इथे पैसे वाचवू नयेत.

फाइल सिस्टीमही आपली कीर्द ठेवते. लिनक्सवरची ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत फक्त फाइलींच्या नोंदींची कीर्द ठेवते, मजकुराची नाही. एक्सएफएसही तसंच करते. डेटाबेसला हेच सोयीचं, कारण मजकुराची कीर्द तो स्वतः ठेवतोच. ईएक्सटी४ला मजकुराचीही ठेवायला लावली तर सगळं दुबार लिहिलं जातं. बीटीआरएफएस बदललेला तुकडा नव्या जागी लिहिते. त्यामुळे ज्या टेबलांत सतत फेरफार होतात त्यांच्या फाइली विखुरतात. या कामाला मी ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसच घेईन.

राहिली कृष्णा. २००५ आणि २०१९ साली तिच्या पुराचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या डिस्कचा वेग कितीही असता तरी उपयोग नव्हता. योगायोगाने २००५च्याच जानेवारीत पोस्टग्रेसच्या ८.० आवृत्तीत लॉग दुसरीकडे जपून त्यावरून हवा तो क्षण गाठायची सोय आली. टेबलांची एक जुनी प्रत आणि त्यापुढची सगळी कीर्द पुण्यात किंवा आणखी लांब ठेवलेली असली, तर त्या प्रतीवर कीर्द ओळीने चढवत नेली की पाणी शिरण्याआधीच्या मिनिटापर्यंतची खतावणी परत उभी राहते.