मनुष्यबळ विभागाचे तंत्रज्ञान-धोरण

भरती, सेवानोंदी, हजेरी, रजा, वेतन, प्रशिक्षण व कार्यमूल्यमापन ही कामे कोणत्या तंत्रसाधनांनी, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या जबाबदारीवर चालवायची, याचा संस्थेने काही वर्षांसाठी ठरवलेला आराखडा. सॉफ्टवेअरची खरेदी हा त्याचा एक भाग असतो. नियमांची मांडणी, नोंदींची अचूकता, खर्च व गोपनीयता यांचाही त्यात समावेश होतो.

पूर्वपीठिका : या क्षेत्रात संगणक आला तो पगारपत्रकाच्या वाटेने. ब्रिटनमधील जे. लायन्स या चहा व केकच्या कंपनीने 1950च्या दशकात ‘लिओ’ या स्वतःच्या संगणकावर पगाराचे हिशेब सुरू केले. अमेरिकेत 1987 मध्ये निघालेल्या पीपलसॉफ्ट कंपनीने मनुष्यबळविषयक कामांची एकत्रित प्रणाली लोकप्रिय केली. पुढे वर्कडे (स्थापना 2005) सारख्या कंपन्यांमुळे अशी प्रणाली वर्गणी भरून इंटरनेटवरून वापरता येऊ लागली.

आखणी : पहिले काम नोंदी तपासण्याचे. एकाच व्यक्तीचे नाव आधार, बँक खाते व भविष्यनिर्वाह निधी यांत वेगवेगळे असेल, तर नवी प्रणाली तीच चूक अधिक वेगाने पुढे नेते. त्यानंतर रजा, अतिकालिक भत्ता, थकबाकी यांचे अलिखित रिवाज लेखी नियमांत आणावे लागतात. सामान्यतः आधी सेवानोंदी व हजेरी, मग वेतन, मग कर्मचाऱ्यांनी स्वतः वापरायच्या सुविधा आणि अखेरीस विश्लेषण असा क्रम सोयीचा ठरतो. जुनी व नवी पगारपत्रके काही महिने समांतर चालवून रुपयागणिक ताळा जुळवतात.

भारतीय संदर्भ : येथे कायदेशीर कपाती अचूक बसणे ही पहिली कसोटी असते. महाराष्ट्रात कमाल श्रेणीतील व्यवसाय कर अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जातो. परदेशी प्रणालीत असे तपशील मुद्दाम बसवावे लागतात. भविष्यनिर्वाह निधीसाठी 2014 पासून 12 अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक आहे. महाराष्ट्र शासन कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी ‘सेवार्थ’, तर शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी ‘शालार्थ’ प्रणाली वापरते. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाल्याने कोणती माहिती कशासाठी घ्यायची, हाही धोरणाचा विषय झाला आहे.

अपयशाची उदाहरणे : कॅनडा सरकारने 2016 मध्ये सुरू केलेली ‘फिनिक्स’ वेतनप्रणाली यासाठी कुप्रसिद्ध आहे. प्रणाली सिद्ध होण्याआधीच सुमारे 1,200 अनुभवी वेतन सल्लागारांची पदे रद्द करून काम मिरामिची येथील एका लहान केंद्राकडे दिले गेले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी काही सुविधा वगळल्या आणि प्रायोगिक चाचणीही रद्द केली. परिणामी हजारोंना कमी, कोणाला जादा, तर कोणाला पगारच मिळाला नाही. बचतीसाठी आणलेली प्रणाली कितीतरी महाग पडली. भरतीच्या क्षेत्रात, अ‍ॅमेझॉनने अर्ज छाननीसाठी घडवलेले प्रायोगिक साधन स्त्रियांना डावलत असल्याने सोडून दिल्याचे 2018 मध्ये उघड झाले. बहुतांश पुरुषांच्या जुन्या अर्जांवरून ते शिकले होते.

मूल्यमापन : चुकलेल्या पगारांचे प्रमाण, तक्रार निकाली निघण्यास लागणारा काळ, हाताने कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या आणि प्रणालीबाहेर चालू राहिलेली एक्सेलपत्रके यांवरून धोरणाचे यश जोखता येते.