परकीय द्रव्यसाहाय्य व गांवचे स्वकष्ट : एक ऐतिहासिक अवलोकन

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिणेस, शेवगांव तालुक्याच्या शेजारीं उमापूर हें गांव वसलेलें आहे. गोदावरी जवळ, पैठणचा नाथसागर जवळ, आणि त्या जलाशयाचा उजवा कालवा ह्याच तालुक्यांतून माजलगांवाकडे जातो; हें ऐकून परस्थास वाटावें कीं, येथें पाण्याची ददात ती कसली? परंतु कालव्याचें पाणी कालव्याच्या खालीं वाहतें, वर चढत नाहीं. माळरानावरील शेतकरी आभाळाकडेच पाहत राहतो. दसरा उलटला कीं, ह्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें कोयता, भांडीं व लेंकरें घेऊन ऊंसतोडीस बाहेर पडतात आणि उन्हाळ्यांतच माघारीं येतात. ज्या प्रांतांत कुटुंबाचें अर्धें वर्ष परमुलखांत जातें, तेथें देवळाचा महोत्सव साजरा करितांना गांवाच्या पोटापाण्याचा विचार मनांत येणें हें स्वाभाविकच होय.

अशा वेळीं एक प्रश्न वारंवार विचारला जातो. परदेशांत मोठमोठे निधि आहेत, असें आपण ऐकतों. तर आपल्या गांवासाठीं तेथून साहाय्य मागतां येईल काय, आणि मागितलें तर तें कसें मागावें? ह्या प्रश्नाचें उत्तर कोणा पंडिताकडे शोधण्यापेक्षां आपल्याच शेजारच्या इतिहासांत शोधावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

दुष्काळांतील दान

महाराष्ट्रांतील ख्रिस्तमंडळास परकीय साहाय्याची ओळख प्रथम दुष्काळांत झाली. सन १८७६ ते १८७८, नंतर १८९६-९७, आणि लगेच १८९९-१९०० असे तीन भीषण दुष्काळ एका पिढीनें पाहिले. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें व शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी अमलाखालीं होता. उपासमारीनें मात्र राज्यांची सीमा कधीं मानली नाहीं. पुणें धर्मप्रांताची स्थापना सन १८८६ मध्यें झाली व तेथील काम जर्मन येशूसंघीयांकडे आलें. नगर जिल्ह्यांतील खेडोपाडीं फिरणाऱ्या ह्या धर्मगुरूंच्या हातून युरोपांतील भाविकांचें द्रव्य अन्न, वस्त्र व अनाथांचा सांभाळ ह्यांसाठीं खर्च होत असे.

तें दान पवित्र होतें, ह्यांत संशय नाहीं. तथापि त्याचें एक वैगुण्य सन १९१४ मध्यें उघडें पडलें. महायुद्ध सुरू होतांच जर्मन धर्मगुरू हे इंग्रज सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ते स्थानबद्ध झाले, पुढें मायदेशीं पाठविले गेले, आणि त्यांच्यामागें येणारा द्रव्याचा ओघहि आटला. पुढें स्विस येशूसंघीय आले व त्यांनीं तें काम हातीं घेतलें. परंतु ह्या घटनेनें एक गोष्ट कायमची शिकविली. दूरच्या झऱ्यावर जें रोप जगतें, तें झरा बंद पडतांच सुकतें; म्हणून दान येईल तेवढ्या काळांतच स्वतःचें मूळ जमिनींत खोल गेलें पाहिजे.

देणारा कोण?

साहाय्य मागणाऱ्यानें देणारा कोण, हें आधीं ओळखावें. जर्मनींतील धर्माध्यक्षांनीं सन १९५८ मध्यें, कोलोनचे कार्डिनल योसेफ फ्रिंग्स ह्यांच्या पुढाकारानें, ‘मिझेरिओर’ हा निधि स्थापन केला. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला कळवळा येतो’ असा असून, अन्नावांचून कासावीस झालेल्या लोकसमुदायास पाहून प्रभूनें काढलेल्या उद्गारांतून तो घेतलेला आहे. उपवासकाळांत भाविकांनीं आपल्या ताटांतला घास कमी करावा व वांचलेला पैसा जगांतील भुकेल्यांसाठीं द्यावा, अशी त्यामागची योजना. पुढें १९६२ पासून जर्मन सरकारहि आपल्या विकासनिधीचा कांहीं भाग चर्चच्या संस्थांमार्फत देऊं लागलें.

आणखी एक संस्था लक्षांत ठेवण्याजोगी आहे. के.एफ.डब्ल्यू. ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली जर्मनीची पुनर्रचना बँक सन १९४८ मध्यें निघाली. युद्धानें बेचिराख झालेली जर्मनी पुन्हां उभी करण्यासाठीं अमेरिकेनें जें साहाय्य दिलें, त्याच्याशीं ह्या बँकेचें भांडवल जोडलेलें होतें. म्हणजे जी बँक पुढें आपल्या डोंगरांवर चर खोदण्यासाठीं पैसा देणार होती, ती स्वतः परक्याच्या साहाय्यांतून जन्मली होती. घेणारा लाजिरवाणा नसतो व देणारा कायमचा धनी नसतो. घेतलेल्या साहाय्यावर उभें राहून पुढें दुसऱ्यास देतां आलें, म्हणजे त्या साहाय्याचें सार्थक झालें.

फादर बाखर ह्यांचा उपक्रम

स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांचा जन्म सन १९२४ चा. ते १९४८ मध्यें भारतांत आले, आणि नगरच्या ‘सोशल सेंटर’ मार्फत शेतकऱ्यांच्या विहिरी व उपसा सिंचन ह्या कामांत त्यांनीं वर्षानुवर्षें घालविलीं. सन १९७२ चा दुष्काळ सर्वांनीं भोगला. त्या वर्षांत व नंतर एक विचित्र अनुभव येऊं लागला. विहीर खोदावी, पंप बसवावा, चार वर्षें पाणी चालावें, आणि मग विहीरच कोरडी पडावी. कारण उघड होतें. पाणी काढण्याचीं साधनें वाढलीं, परंतु पाणी मुरविण्याची चिंता कोणी केली नाहीं. डोंगर उघडे, माती वाहून गेलेली, आणि पावसाचें पाणी तासाभरांत नाल्यांतून पसार.

म्हणून उपाय विहिरींत नसून डोंगराच्या माथ्यावर आहे, ह्या निष्कर्षाप्रत ते आले. माथ्यावर समतल चर, उतारावर झाडें व गवत, शेतांत बांधबंदिस्ती, ओढ्यांत दगडी व मातीचे बांध. ह्या क्रमानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम केलें, तर धांवणारें पाणी चालूं लागतें आणि चालणारें पाणी मुरूं लागतें. ह्या विचारास आधार देणारीं उदाहरणें महाराष्ट्रांत होतींच. नगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी हें त्यांपैकीं सर्वांत परिचित.

सन १९८९ मध्यें फादर बाखर ह्यांच्या कल्पनेंतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आंखणी सुरू झाली व १९९२ पासून तो प्रत्यक्षांत आला. पैसा के.एफ.डब्ल्यू. कडून, तांत्रिक साहाय्य जी.टी.झेड. ह्या जर्मन संस्थेकडून, आणि भारतांतील कारभार नाबार्ड ह्या राष्ट्रीय बँकेकडून, अशी वांटणी ठरली. गांवांची तयारी करून घेण्यासाठीं फादर बाखर व त्यांचे सहकारी श्री. क्रिस्पिनो लोबो ह्यांनीं सन १९९३ मध्यें नगर येथें ‘वॉटर’ ही पाणलोट संस्था स्थापन केली.

अटींचें मर्म

ह्या कार्यक्रमाचें वैशिष्ट्य पैशांत नव्हतें, तर अटींत होतें. गांवानें आधीं श्रमदान करून आपली तळमळ सिद्ध करावी. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. ग्रामसभेनें पाणलोट समिति निवडावी. प्रत्येक शेतांत काय करावयाचें, हें त्या शेताच्या धन्याशीं व त्याच्या पत्नीशीं बांधावर उभें राहून ठरवावें. प्रथम लहान क्षेत्रावर काम करून हिशेब दाखवावा, आणि तें पसंत पडल्यावरच संपूर्ण गांवाचा खर्च मंजूर व्हावा. अकुशल मजुरीच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतका भाग गांवानें श्रमानें द्यावा. भूमिहीनांस मात्र त्यांतून सूट असावी. पैसा गांवसमितीच्या बँकखात्यांत यावा आणि पुढील देखभालीसाठीं निधि राखून ठेवावा.

वाचकहो, ह्या अटी वरवर जाचक वाटतात. परंतु बारकाईनें पाहतां प्रत्येक अट एकच गोष्ट विचारते: देणारा निघून गेल्यावर हें काम कोण सांभाळील? जें गांव ह्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतें, त्याचा अर्ज अर्धा मंजूर झालेलाच समजावा.

दोन गांवांची साक्ष

संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें पर्जन्यछायेंतील गांव. उन्हाळ्यांत तेथें टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागत. सन १९९६ ते २००१ ह्या काळांत तेथें पाणलोटाचें काम झालें. पूर्वीं वर्षांतून तीन-चार महिने मिळणारें शेतीचें काम नंतर नऊ-दहा महिने मिळूं लागलें, आणि टँकरची गरज उरली नाहीं. सन २००५ च्या जागतिक साधनसंपत्तीविषयक अहवालांत ह्या लहानशा गांवाचें वर्णन आलें.

जालना जिल्ह्यांतील कडवंची हें तर आपल्या मराठवाड्यांतीलच गांव. ह्याच कार्यक्रमांत १९९६ नंतर तेथें मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व जालन्याचें कृषि विज्ञान केंद्र ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं काम झालें. पुढें तेथें द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि सन २०१२ च्या दुष्काळांत आसपासचीं गांवें हवालदिल झालीं असतां कडवंचीनें तग धरली.

ह्या अनुभवाच्या आधारें सन १९९९-२००० मध्यें केंद्र सरकार व नाबार्ड ह्यांनीं प्रत्येकीं १०० कोटि रुपये घालून स्वतंत्र पाणलोट विकास निधि उभारला. परदेशच्या पैशानें पेटविलेल्या दिव्यांत आपल्या देशानें आपलें तेल घातलें, हें ह्या कार्यक्रमाचें सर्वांत मोठें यश होय. फादर बाखर सन २०२१ मध्यें प्रभूच्या घरीं गेले; त्यांचें काम त्यांच्यामागें चालू राहिलें.

ज्यांस शेत नाहीं त्यांचें काय?

तथापि इतिहास लिहावयाचा तर केवळ गौरव करून भागत नाहीं. पाणी मुरलें, विहिरींस आलें. पण विहीर ज्याची त्याचेंच पाणी. चराईबंदी झाली तेव्हां पहिला तडाखा मेंढपाळांस व एखादी शेळी बाळगणाऱ्या विधवेस बसला. दरेवाडींतहि मेंढपाळांचा ह्याच कारणानें विरोध झाला, आणि बंदी एकदम न लादतां टप्प्याटप्प्यानें आणावी लागली. चर खोदण्याची मजुरी कांहीं वर्षें मिळते, नंतर ती संपते. बागाइताचा लाभ मात्र जमीनधारकाकडे राहतो. शिवाय पाणी वाढलें म्हणून अधिक पाणी पिणारीं पिकें घ्यावीं, आणि विहिरींतून उपसून शेततळीं भरावीं, असा मोह सुटला कीं, मुरविलेलें सारें थोड्या वर्षांत उपसलें जातें.

आपल्या ख्रिस्तमंडळांतील पुष्कळ कुटुंबांस स्वतःचें शेत नाहीं, हें येथें विसरतां कामा नये. त्यामुळें आपण जेव्हां एखादी योजना आंखूं, तेव्हां पहिला प्रश्न असा असावा: जें कुटुंब कोयता घेऊन बाहेर जातें, तें ह्या योजनेनें गांवांत राहूं शकेल काय? पडीक जमिनीवरील चाऱ्यांत भूमिहीनांचा वांटा, स्त्रियांचे बचतगट, शेळीपालन, मागें राहणाऱ्या मुलांच्या शाळेची व राहण्याची सोय. ह्या गोष्टी योजनेच्या शेवटीं पुरवणी म्हणून न येतां आरंभींच आल्या पाहिजेत. ‘वॉटर’ संस्थेनें गांवोगांवीं संयुक्त महिला समित्या स्थापन केल्या, त्यामागें हाच बोध आहे.

अर्ज व कायदा

आतां व्यवहाराविषयीं थोडें. परदेशचें द्रव्य कोणाहि व्यक्तीनें वा मंडळानें मनास येईल तसें स्वीकारूं नये. त्यासाठीं सन १९७६ मध्यें प्रथम कायदा झाला व त्याच्या जागीं २०१० चा विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम आला. सन २०२० च्या दुरुस्तीनें तो अधिक कडक झाला. परदेशचा पैसा दिल्लींतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेंतील खात्यांतच यावा, एका संस्थेनें तो दुसऱ्या संस्थेस देऊं नये, आणि प्रशासनावर शेंकडा २० हून अधिक खर्च करूं नये, असे नियम झाले. नोंदणीसाठीं संस्था किमान तीन वर्षें जुनी असावी व तिनें त्या तीन वर्षांत आपल्या कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे, हेंहि त्याच वर्षीं ठरलें. त्याहून लहान संस्थेस विशिष्ट कामासाठीं पूर्वपरवानगीचा मार्ग आहे.

म्हणून लहान गांवानें थेट परदेशीं पत्र धाडण्यापूर्वीं, नोंदणी असलेल्या धर्मप्रांतीय समाजसेवा संस्थेशीं किंवा नाबार्डच्या जिल्हा अधिकाऱ्याशीं बोलावें. अर्जांत गांवाचें दैन्य रंगविण्यापेक्षां चार गोष्टी स्पष्ट लिहाव्या: अडचण नेमकी कोणाची, काम कोण करणार, गांव स्वतः काय घालणार, आणि पैसा संपल्यावर पुढें काय. ग्रामसभेचा ठराव, सोपा नकाशा, व एक-एक रुपयाचा हिशेब सोबत असावा. हिशेबाची वही हीसुद्धां सत्याची सेवाच आहे. जी संस्था पावती जपते, तिच्यावर लोक विश्वास ठेवतात.

महोत्सवाच्या वर्षीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करितों. त्यांच्यासाठीं दूरदेशच्या अनोळखी माणसांनीं आपल्या ताटांतला घास काढून ठेवला होता. त्या घासाचें ऋण केवळ आभाराच्या ठरावानें फिटणार नाहीं. प्रत्येक घरानें वर्षांतून चार दिवस श्रमाचे द्यावे, ओढ्यावर एक बांध घालावा, आणि शेजारच्या भूमिहीनाचें नांव योजनेच्या पहिल्या पानावर लिहावें. एवढें झाल्यावर परदेशचें साहाय्य आलें, तर त्याचें चीज होईल. न आलें, तरी बांध आपला व पाणी आपलें राहील. ही बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.